पडद्याबाहेरचं गणित

रंगा, काल तुझ्या यंत्राचे सेल बदलले. चारही एकदम काढले नाहीत. एक काढला, त्याच्या जागी नवा घातला, मग दुसऱ्याला हात लावला. सुमनवहिनींनी यंत्र देताना बजावलं होतं, "भावजी, सेल काढलं की आतलं समदं जातंय, असं हे म्हनायचे." तसं ते जात नाही. आत बटणाएवढा आणखी एक सेल असतो, तो सगळं धरून ठेवतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तरी मी एकेकच बदलला. तू असतास तर म्हणाला असतास, "सदा, तू हिरीत पडलास तरी आधी खोली मोजशील."

हे बारीक सेल नेवाशात मिळत नाहीत. त्यासाठी नगरला जाऊन आलो. आणले आठ, चार जादा.

तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. शाळेतल्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल बोलले. मुख्याध्यापकांनी मला दोनदा खूण केली. एकोणीस वर्षं तुझ्याबरोबर एकच विषय शिकवणारा माणूस गप्प बसतो हे त्यांना विचित्र वाटलं असणार. पण मला जे सांगायचं होतं ते शोकसभेत सांगण्यासारखं नव्हतं. मी तुझा हेवा करत आलो. अधूनमधून नव्हे, रोज. आणि त्या हेव्यापोटी एकदा ठरवून, तीन दिवस तयारी करून, मी तुला चारचौघांत खाली पाडलं. ते तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

हेवा कशाचा ते आधी नीट सांगतो. आपण एकाच वर्षी रुजू झालो. मी नगरचा, तू तिसगावचा. अकरावी-बारावीच्या दोन तुकड्या, एक तुझी, एक माझी. माझ्या तुकडीचा निकाल दरवर्षी तुझ्यापेक्षा वर असे, कधी दोन टक्क्यांनी, कधी तीन. आणि तरीही मधल्या सुट्टीत मुलं तुझ्याभोवती. माझ्या तुकडीतली मुलंसुद्धा शंका विचारायला तुझ्याकडे. तू त्यांच्या बापांसारखा बोलायचास. "वर्ग पुरा न्हाई झाला तर त्याला पुरा करायचा, उधारीवर आनून मिळवायचं आन् लगेच वजा करायचं," असं तू फळ्यापुढे म्हणालास की वर्ग हसायचा आणि शिकायचाही. मी तेच वाक्य शुद्ध मराठीत सांगायचो. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

माझ्याकडे माझं म्हणून एकच होतं, तो पत्र्याचा साचा. तुला आठवतो. शेंगतेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर मी आलेखकागद चिकटवून पाव-पाव एककावर बिंदू घेतले होते आणि टिनवाल्याकडून एक्सवर्गाचं वळण कापून आणलं होतं. कानस मी स्वतः मारली. मुलांना सांगायचो, एक्सवर्गाच्या मागे एक असेल तर जगातले सगळे अन्वस्त, सगळे पॅराबोला, म्हणजे हा एकच पत्रा. वळण बदलत नाही, फक्त जागा बदलते. जागा कुठली ते बीजगणित सांगतं. मधल्या सहगुणकाचं अर्ध करा, त्याचा वर्ग मिळवा आणि वजा करा, शिरोबिंदू हातात येतो. मग पत्रा तिथे टेकवा आणि खडू फिरवा. असा साचा तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना तो दाखवायला सांगत.

मग चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तुझा मेव्हणा अमेरिकेतून आला आणि त्याने तुला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिला.

तू तो आधी माझ्याकडे घेऊन आलास, हे मी विसरलो नाही. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून तू यंत्र टेबलावर ठेवलंस. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा पडदा. तू एक्सवर्ग वजा सहा एक्स अधिक पाच घातलंस, एक बटण दाबलंस, आणि डावीकडून एक रेघ खाली आली, तळाला टेकली आणि उजवीकडे चढून गेली. कोणाचा हात न लागता. माझी बायको करंज्या ठेवून तिथेच उभी राहिली. तिला मी वीस वर्षांत अन्वस्त म्हणजे काय ते दाखवलं नव्हतं. तिने तुझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे हे शिकवता होय तुम्ही लोक?"

मी म्हणालो, शिरोबिंदू दाखव. तू बाणाचं बटण दाबत ठिपका तळापर्यंत नेलास. खाली आकडे आले: २.९७८७२३४ आणि उणे ३.९९९५४७. आणखी एकदा दाबलंस तर ठिपका तीन ओलांडून पुढे. मी म्हणालो, शिरोबिंदू तीन आणि उणे चार आहे, हे तुझ्या यंत्राला माहीत नाही. तू हसलास. "तीनच की रं हे. यंतराला जरा चष्मा लागलाय, येवढंच."

तू गेल्यावर मी हिशेब घातला. उणे दहापासून दहापर्यंत वीस एककं, त्यांचे पडद्यावर चौऱ्याण्णव भाग. तीन हा आकडा कुठल्याच ठिपक्यावर पडत नाही. मला यंत्रात खोट सापडली होती. तो आनंद इतका होता की मला माझीच शरम वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुझं म्हणणं, आधी दिसू दे, मग पोरं आपोआप विचारतील का दिसलं. माझं म्हणणं, आधी काढा, मग बघा. न काढता बघणं म्हणजे सिनेमा. रविवारी सकाळी तू चहाला यायचास आणि हा वाद दुसऱ्या कपापर्यंत चालायचा. तो मिटला नाही. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर दोन-अडीच महिन्यांनी तालुक्यातल्या गणित शिक्षकांचा मेळावा आपल्या शाळेत भरला. माझा साचा त्या वर्षी कोणी मागितला नाही. पत्रिकेत तुझं नाव होतं, यंत्राचं प्रात्यक्षिक म्हणून. तू मला म्हणालास, "ऐन वेळंला एक गनित तू दे. म्हंजे लोकांना वाटायचं न्हाई की घरून ठरवून आनलंय."

मी ठरवून आणलं. तुझा पडदा कायम उणे दहा ते दहा असायचा, आडवाही आणि उभाही. तो बदलता येतो हे तुझ्या पुस्तकात होतं, पण तुला गरज कधी पडली नव्हती, कारण शाळेतली गणितं तेवढ्यात बसतात. मला असं गणित हवं होतं जे दिसायला भोळं असेल आणि ज्याचा एकही बिंदू त्या चौकटीत येणार नाही. तीन दिवस मी ते शोधलं. एक्सवर्ग वजा चाळीस एक्स अधिक तीनशे एक्याण्णव. मुळं सतरा आणि तेवीस. शिरोबिंदू वीस आणि उणे नऊ. तुझ्या पडद्याच्या उजव्या कडेला, एक्स दहा असताना, आलेख एक्याण्णववर असतो. डावीकडे गेलं तर त्याहून वर. म्हणजे पडद्यावर काहीही येणार नाही.

समीकरण मी नेहमीप्रमाणे एका पाठकोऱ्या कागदाच्या चतकोरावर लिहिलं. माझी ती सवय सगळ्या शाळेला माहीत होती. एका बाजूने वापरलेला कागद मी टाकत नाही. चतकोर कापून, टाचणीत ओवून ठेवतो.

मेळाव्यात तीसेक शिक्षक टेबलाभोवती उभे होते. मी चतकोर पुढे केला. तू आकडे घातलेस, बटण दाबलंस. पडद्यावर आडवी रेघ, उभी रेघ, आणि बाकी रिकामं. तू पुन्हा आकडे तपासलेस, पुन्हा बटण दाबलंस. पाच वेळा. मी मोजलं. मागून एका खेड्यातले वयस्कर मास्तर म्हणाले, "सर, अमेरिकेत आत्ता रात आसंल. यंतर झोपलंय." सगळे हसले. तूही हसलास, पण तुझे कान लाल झाले होते.

मग मी फळ्यापाशी गेलो. चाळीसचं अर्ध वीस, वीसचा वर्ग चारशे. चारशेतून नऊ गेले की तीनशे एक्याण्णव. पाच ओळी. वीसच्या खाली नऊवर खूण केली, पत्रा टेकवला, खडू फिरवला. टाळ्या पडल्या. मागे वळून पाहिलं तेव्हा तू चतकोर हातात धरून उभा होतास. त्याची घडी घातलीस आणि शर्टाच्या खिशात ठेवलीस. घरी जाताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चाललास. वाटेत एवढंच म्हणालास, "गनित झकास हुतं, सदा."

मी तुला भोळा समजलो. आठ दिवस मी खुशीत होतो. नंतर ती खुशी आंबली, पण माझा हेवा काही कमी झाला नाही. उलट वाढला, कारण तू पुढच्या रविवारी चहाला आलास, जसा येत होतास तसाच.

त्याच जूनमध्ये माझी रोहिणी अकरावीत आली. स्वतःच्या मुलीला स्वतःच्या तुकडीत घ्यायचं नाही हा नियम शाळेत मीच आणलेला. म्हणून ती तुझ्याकडे आली. संध्याकाळी पाच वाजता ती समोर तुझ्या घरी जायची आणि सातला परत यायची. तुझ्या ओट्यावरून तिचं हसणं मला ऐकू यायचं. माझ्यापुढे ती गणितं सोडवायची ती पाढे म्हटल्यासारखी, मान खाली घालून. जेवताना "रंगनाथसर म्हणतात" हे दोन शब्द ती किती वेळा उच्चारते ते मी एकदा मोजलं. एका जेवणात अकरा वेळा.

बारावीला तिला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले. पेढे घेऊन ती आधी तुझ्याकडे गेली. मी पाठ करून उभा राहिलो आणि पंख्याचं बटण उगीच दोनदा दाबलं. वीज नव्हती. त्या दिवशी तू पेढा हातात घेऊन आमच्या दारात आलास आणि मला म्हणालास, "ह्यातला निम्मा तुझा." मी म्हणालो, माझा यात काय संबंध. तू काहीतरी बोलणार होतास. तेवढ्यात माझी बायको पाणी घेऊन आली. काय बोलणार होतास ते राहिलं.

तेराव्याला रोहिणी पुण्याहून आली. जेवणं उरकल्यावर वहिनींनी यंत्राचा खोका आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मला यातलं काय कळत न्हाई, भावजी. पोरीला द्या, न्हाईतर तुमी ठिवा." मी तो घरी आणला आणि रोहिणीपुढे ठेवला. तिने यंत्र चालू केलं. पडदा फिकट झाला होता, अक्षरं जेमतेम दिसत होती. तिने तो खिडकीकडे तिरका धरला आणि हसली.

"बाबा, तुमचं गणित अजून आहे यात."

मी विचारलं, माझं कुठलं.

"तुमचंच की. सदासरांचं गणित." तिला वाटत होतं मला हे माहीत आहे. तिने सांगितलं की तू दर वर्षी अकरावीच्या पहिल्या दिवशी यंत्र पुढच्या बाकावर ठेवायचास आणि हेच समीकरण घालायला लावायचास. पडदा रिकामा राहायचा. पोरं म्हणायची, सर, यंत्र बिघडलं. मग तू म्हणायचास, यंतराला रेघ मारता येती, पर कुठं बघायचं ते कळत न्हाई. कुठं बघायचं ते सदासर सांगत्यात. आणि फळ्यावर चाळीसचं अर्ध करायचास. वीस, उणे नऊ. मग पडदा दहापासून तीसपर्यंत सरकवायचास, आणि तेव्हा आलेख दिसायचा.

"पहिल्या दिवशी सरांनी मला बजावलं होतं," रोहिणी म्हणाली, "घरी यंत्राचं कौतुक करू नको, आधी वर्ग पूर्ण करून दाखव. मी दाखवत होते ना तुम्हाला? तुम्ही मान वर करून बघायचाच नाहीत."

ती आत गेल्यावर मी खोका रिकामा केला. तळाशी यंत्राचं पुस्तक होतं. पडदा कसा बदलायचा ते ज्या पानावर आहे, तिथे घडी घातलेला एक चतकोर. माझं अक्षर. एक्सवर्ग वजा चाळीस एक्स अधिक तीनशे एक्याण्णव.

मी तो उलटा केला.

मागच्या बाजूला माझंच कच्चं काम होतं. तीन समीकरणं, त्यांतली दोन खोडलेली. तिसऱ्याखाली: एक्स उणे दहा, वाय आठशे एक्याण्णव. एक्स दहा, वाय एक्याण्णव. आणि त्याच्यापुढे, अधोरेखित केलेला एक शब्द: पडद्याबाहेर.

रंगा, आयुष्यभर कागद वाचवला त्याचं हे फळ. मी तुला गणित दिलं आणि त्याच कागदावर माझा कबुलीजबाबही दिला. मी फळ्यावर पाच ओळी लिहीत होतो तेवढ्या वेळात तू तो उलटा करून वाचलास. म्हणजे सायकल धरून माझ्याबरोबर चाललास तेव्हा तुला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी आलास तेव्हाही. चार वर्षांत रविवार दोनशे आठ. लग्नकार्यं, आजारपणं, परीक्षा वजा केल्या तरी दीडशेच्या खाली जात नाहीत. दीडशे वेळा तू माझ्यासमोर बसून चहा प्यालास, मी वाद घालत राहिलो, आणि तू तो मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडून दिला होतास. आधी काढा, मग बघा. माझं वाक्य तू माझ्या नावाने वर्गात सांगत होतास, आणि माझ्यासमोर मात्र सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर चतकोराबद्दलही बोलावं लागलं असतं. मला शरम वाटू नये म्हणून तू दर रविवारी हरलेला वाद नव्याने मांडत होतास.

मला यासाठी तुझे आभार मानायला हवेत. मानतो. पण खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी पुन्हा हेवाच वाटला. मुलं तुझ्याकडे गेली ते मी सोसलं. माझी मुलगी गेली तेही सोसलं. पण एखाद्याने आपल्याला पाडलं हे लेखी हातात असताना त्याच्या घरी दीडशे कप चहा पिणं, आणि त्याचं गणित त्याच्याच नावाने शिकवणं, हे माझ्याच्याने झालं नसतं. दहा रविवार झाले नसते. हे माप मला गाठता येणार नाही, आणि तू आता वाट बघायलाही थांबलेला नाहीस.

नवे सेल घातल्यावर मी यंत्र चालू केलं. समीकरणांच्या यादीत पहिल्या ओळीत माझं समीकरण होतं. दुसऱ्या ओळीत तू तेच पूर्ण वर्ग करून लिहिलं होतंस: एक्स वजा वीसचा वर्ग, वजा नऊ. मी आलेखाचं बटण दाबलं. रेघ वरून खाली आली, वीसवर टेकली, चढून गेली. माझ्या पत्र्याचं वळण. मला वाटलं झालं. पण यंत्राचं काम चालू असल्याची कोपऱ्यातली बारीक उभी खूण अजून हलत होती. दुसरं समीकरण पहिल्याच्या अंगावरूनच काढलं जात होतं. पडद्यावर एकही नवा ठिपका उमटला नाही. खूण थांबेपर्यंत मी हात लावला नाही.

जूनपासून तुझी तुकडीही माझ्याकडे आहे. रोहिणी म्हणते, यंत्र शाळेतच राहू दे. पहिल्या दिवशी मी हेच गणित देईन. पडदा रिकामा राहील, मुलं म्हणतील यंत्र बिघडलं. मग मी चाळीसचं अर्ध करीन. कोणीतरी विचारेल, हे गणित कुणाचं. त्या वेळी चतकोराच्या दोन्ही बाजू पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत फिरवायच्या, असं मी ठरवलं आहे. शोकसभेत जे बोलता आलं नाही ते तिथे बोलेन.

ते ऐकून मुलं म्हणतील, रंगनाथसर लई मोठा माणूस हुता. मला पुन्हा हेवा वाटेल. वाटू दे. मी पुढचा आकडा फळ्यावर लिहीन.